ताईला हवी असलेली करवत

माझी ताई सुऱ्या बनवते. हे कुणाला सांगितलं की समोरचा आधी हसतो, मग माझ्या तोंडाकडे बघतो आणि मग विचारतो, "म्हणजे विकते का?" विकत नाही हो, बनवते! लोखंडाची पट्टी घेते, तिच्यातून पातं कापते, कानशीनं घासते, भट्टीत लाल करून तेलात बुडवते आणि वर लाकडी मूठ बसवते. एकसष्ट वर्षांची बाई. उंची बेताची, चष्मा जाड, गळ्यात अजून शिवणाची टेप लटकलेली. लोकांना वाटतं मी थापा मारतोय. वाटू दे. माझं हार्डवेअरचं दुकान आहे. स्क्रू कुठल्या बाजूला फिरतो हे ज्यांना धड माहीत नसतं, तेच दिवसभर मला अक्कल शिकवत असतात. मी तापट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. नंतर तक्रार नको.

ताईनं चौतीस वर्षं गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात काढली. आधी शिलाई, मग बेतणं. एकावर एक वीस-वीस थर कापड अंथरायचं, वर खडूनं आखायचं आणि कापत सुटायचं. तिथल्या बायका म्हणायच्या, ही बाई डोळे मिटून बाही बेतते. माझं दुकान सुरू झालं ते तिच्या ओव्हरटाइमवर, हे मी कधी लपवलं नाही. आई-वडील लवकर गेले तेव्हा मी शाळेत होतो. पुढे मला जे जे मिळालं, ते तिच्या दोन हातांतून आलं. दाजी जाऊन दहा वर्षं झाली, मूलबाळ नाही. तेव्हा तिला मी आणि मला ती. मी छप्पन्न वर्षांचा, पोट सुटलेला, टक्कल पडलेला माणूस. पण ती मला भर दुकानात गिऱ्हाइकांसमोर "ए धाकट्या" म्हणून हाक मारते आणि मीही "ओ" देतो.

सुऱ्यांचं खूळ आलं ते कात्रीवरून. तिची आवडती कात्री एका धारवाल्यानं घासून घासून बिघडवली. तिनं त्याला जे काय सुनावलं ते सुनावलं, आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडून धारेचा दगड घेऊन गेली. महिन्याभरात अख्ख्या कारखान्याच्या कात्र्या तिच्याकडे यायला लागल्या. निवृत्त झाल्यावर कात्र्या संपल्या, पण हात काही बसेनात. एक दिवस दुकानात आली आणि म्हणाली, "मला लोखंडाची पट्टी दे. चांगली, धार धरणारी. सुरी करून बघते." मी म्हटलं, "ताई, सुरी विकत मिळते." ती म्हणाली, "झंपरसुद्धा विकत मिळतो." झालं, मी पट्टी काढून दिली.

गल्लीच्या टोकाला तळमजल्यावर तिच्या दोन खोल्या आहेत आणि मागे छोटंसं अंगण. मागच्या खोलीत शिवणाच्या टेबलावर तिनं लोखंड आवळून धरायचा व्हाइस पक्का केला. भिंतीला खिळे मारून त्यावर खाकी कागदाचे नमुने टांगले, जसे पूर्वी गळ्याचे आणि बाह्यांचे टांगायची तसेच. प्रत्येकावर पेन्सिलीनं नाव: "कांदा", "पाव", "लिंबू", "वहिनी". वहिनी म्हणजे माझी बायको. तिच्या हाताच्या मापाची वेगळी सुरी आहे, कारण तिची बोटं आखूड. बायको ती सुरी कुणाला हात लावू देत नाही, मला तर नाहीच नाही.

आणि शिवणकामाची एक खोड ताईनं लोखंडात आणली. मार्जिन! पात्याचा आकार आखला की त्याच्या बाहेर चारी बाजूंनी अर्ध्या बोटाची जागा सोडायची आणि तिथून कापायचं. मी कपाळावर हात मारायचो. "ताई, लोखंडाला कसलं मार्जिन? पुढच्या वर्षी सुरीचं पोट सुटलं की उसवून देणार आहेस का?"

"हात चुकला तर?" ती म्हणायची. "कापलेलं परत कुठून आणू?"

म्हणजे आधी हॅकसॉनं, लोखंड कापायच्या हातकरवतीनं, चार मिलिमीटर जाडीची पट्टी कापायची, तीही वळणावळणानं, आणि मग ते सोडलेलं मार्जिन कानशीनं घासून काढायचं. नुसतं कापायलाच दोन दुपारी लागायच्या. हॅकसॉ धरून ती बसली की खांद्यापासून बोटांपर्यंत सगळा भार कशावर यायचा? उजव्या अंगठ्यावर. तीन वर्षांत अंगठ्याच्या मुळाशी सूज आली. आधी ती म्हणाली डास चावला. मग म्हणाली मुरगळला. शेवटी बायकोनं तिला ओढत डॉक्टरकडे नेलं, मीही गेलो.

डॉक्टरांनी फोटो काढला आणि सांगितलं, "सांधा झिजलाय. आत्ता थांबलात तर पट्टा बांधून भागेल. नाही थांबलात तर हा अंगठा कामातून जाईल. मग सुरी सोडा, साडीची पिन लावता यायची नाही. हॅकसॉ बंद."

"हॅकसॉ बंद की सुऱ्या बंद?" ताईनं विचारलं.

"हॅकसॉ."

"मग ठीक आहे," ती म्हणाली आणि उठली. मला त्या बाईचा हेवा वाटतो कधी कधी.

चार दिवसांनी दुपारी, दुकानात गर्दी नसताना ती वही घेऊन आली. लोखंड कापायची पट्टी-करवत हवी होती तिला. आम्ही बँडसॉ म्हणतो. दात असलेली पोलादी पट्टी दोन चाकांवरून सारखी फिरत राहते आणि लोखंड तिच्यापुढे सरकवायचं. महिनाभर मोबाइलवर लोकांचे व्हिडिओ बघून तिनं वहीत टिपणं काढली होती. मी स्टूल पुढे केलं. दुकानातला मिस्त्री, जो माझ्याहून वयानं मोठा आहे आणि मशिनं दुरुस्त करता करता अर्धा बहिरा झालाय, तोसुद्धा हातातलं काम टाकून आला.

पहिलं मशीन तिनं लांबूनच नापास केलं. "हे लाकडाचं. फार पळतं. लोखंडावर घातलं तर दात पाच मिनिटांत गुळगुळीत."

"मोटर दणकट आहे पण," मी म्हटलं.

"मोटरचं कौतुक नको सांगूस. ब्लेड मिनिटाला किती मीटर पळतं ते सांग."

मी मिस्त्रीकडे बघितलं. मिस्त्री छपराकडे बघायला लागला. तीस वर्षं मशिनं विकतोय मी आणि हे मला आजवर एकाही गिऱ्हाइकानं विचारलं नव्हतं! पुस्तिका शोधून आकडा सांगितला. मग तिनं ब्लेडचं विचारलं: एका इंचात दात किती? गळ्यातली टेप काढून तिनं ब्लेडला लावली आणि स्वतःच मोजलं. "माझी पट्टी चार मिलिमीटरची. तेवढ्या जाडीत एका वेळी तीन दात तरी बसायला पाहिजेत, नाहीतर दात अडकतो आणि तुटतो. हे चौदा दातांचं, चालणार नाही. अठराचं जेमतेम. चोवीसचं दे." मग ब्लेडपासून मागच्या खांबापर्यंत जागा किती ते मोजलं, कारण तिथं पट्टी फिरवायला जागा हवी. शिलाई मशीनच्या हाताखाली कापड फिरायला जागा लागते ना, तसं. मिस्त्री हळूच मला म्हणाला, "मालक, यांनाच बसवा काउंटरवर."

मग तिनं बोट दाखवलं.

तिला हवी होती हातात धरायची छोटी पट्टी-करवत. लोखंडी स्टँडला उभी अडकवायची, वर ताटाएवढं टेबल बसवायचं, की पट्टी दोन्ही हातांनी हवी तशी वळवत कापता येते. सुऱ्या करणारे घरगुती लोक जगभर हीच वापरतात, असं तिच्या वहीत लिहिलेलं होतं. खरं होतं ते. पण त्या करवतीचा स्विच म्हणजे बोटानं दाबून धरायचा घोडा. स्टँडला लावली की तो दाबायला हात मोकळा राहत नाही. मग लोक काय करतात? घोडा दाबून चिकटपट्टीनं बांधून टाकतात. करवत चालूच राहते. थांबवायची तर सॉकेटपाशी हात न्यायचा.

चौदा वर्षांपूर्वी माझ्या दुकानात, मागच्या खोलीत, एक फर्निचरवाला असंच मशीन बघायला आला होता. घोडा मी बांधून दिला होता. माझ्या या हातांनी. पट्टीला झटका बसला, त्याची बोटं ओढली गेली आणि सॉकेट होतं भिंतीच्या दुसऱ्या टोकाला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. तो माणूस पुढे मला एका शब्दानं बोलला नाही, तेच जास्त लागलं. तेव्हापासून मी मशिनं विकतो, पण चालू मशीनजवळ हात नेत नाही. चालवून दाखवायचं काम मिस्त्रीचं.

"ही नाही," मी म्हटलं.

"का?"

"नाही म्हणजे नाही. दुसरी दाखवतो."

मी तिला मोठं आडवं मशीन दाखवलं. त्यात पट्टी शिकंज्यात आवळायची, बटण दाबायचं आणि बाजूला व्हायचं. करवतीचा हात आपल्याच वजनानं हळूहळू खाली येतो, काप पूर्ण झाला की मशीन आपोआप बंद. माणसाचे हात कुठेच नाहीत. मी त्याचं एवढं गुणगान केलं की मिस्त्रीसुद्धा चकित झाला.

ताईनं सगळं ऐकून घेतलं. "आणि वळण?"

"सरळ कापायचं, तिरके तिरके काप घ्यायचे. वळण याच्यात होत नाही."

हे खोटं होतं. त्या मशीनबरोबर तळहाताएवढी एक चौकोनी लोखंडी पाटी येते. ती दोन बोल्टांनी बसवली की मशीन उभं करून वळणं कापता येतात. ती पाटी तेलकट कागदात गुंडाळलेली तिथंच खोक्यात होती. मिस्त्रीनं तोंड उघडलं, मी त्याच्याकडे डोळे वटारले, त्यानं मिटलं.

"मग याचा मला काय उपयोग?" ताई म्हणाली. "सुरीत सरळ असतंच किती?"

तेव्हा मी तिचा हात धरला. भर दुकानात. "ताई, माझ्यासाठी एवढं कर. मी तुला ती छोटी विकली आणि उद्या काही झालं तर मी हे शटर परत उघडू शकणार नाही. या हातांनी मला वाढवलंय गं." मी रडत होतो आणि मला लाज वाटली नाही.

तिनं पदरानं माझे डोळे पुसले. मग वही मिटली. "बरं बाबा. तू म्हणतोस तर हेच दे."

मशीन तिच्या मागच्या खोलीत न्यायला चार माणसं लागली. जागा करायला तिनं तिचं शिलाईचं मशीन बाहेर काढलं आणि जिन्याखाली चादर घालून ठेवलं. आणि ती चौकोनी पाटी? ती माझ्या काउंटरच्या खालच्या खणात गेली. मिस्त्री एवढंच म्हणाला, "मालक, तुमचं तुम्ही बघा."

पुढचे आठ महिने मी सुखात होतो. "ताई, मशीन कसं चाललंय?" "झकास!" "त्रास नाही ना?" "छे रे, लोण्यासारखं कापतंय." भेटली की ती न विचारताही त्या मशीनचं कौतुक करायची. मी घरी येऊन बायकोला सांगायचो, बघ, माझा निर्णय! बायको म्हणायची, "वन्सं जरा जास्तच कौतुक करतात. मला लक्षण बरं दिसत नाही." मी म्हणायचो, तुला प्रत्येक गोष्टीत लक्षणंच दिसतात.

एक दिवस दुपारी नवं ब्लेड आलं होतं, म्हटलं ताईला देऊन येऊ. न कळवता गेलो. ती पुढच्या खोलीत चहा टाकत होती, मी सरळ मागे गेलो. दुकानदाराची नजर आहे माझी. मशीनपाशी गेलो तर ब्लेडच्या दातांवरचा कंपनीचा रंगसुद्धा पुरता गेला नव्हता. आठ महिन्यांत! टेबलाखाली कचऱ्याची बादली होती. तीत हॅकसॉच्या ब्लेडची रिकामी पाकिटं. एक नाही, दोन नाही, ढीगभर. आणि पाकिटांवर शिक्का चौकातल्या दुसऱ्या दुकानाचा.

खरं सांगतो, आधी माझ्या डोक्यात तिडीक गेली ती त्या शिक्क्यावरून. माझी सख्खी बहीण, आणि ब्लेडं त्या चोराकडून घेते! पाकीट हातात घेऊन मी तरातरा पुढच्या खोलीत गेलो, आता हिला चांगली झाडतो म्हणून.

ती चहाची किटली उचलत होती. दोन तळव्यांमध्ये धरून, फडक्यात गुंडाळून, एखादं तान्हं मूल उचलावं तशी. उजवा अंगठा बाजूला नुसता लोंबत होता. मूळ एवढं सुजलेलं की मनगट कुठं संपतं ते कळेना. कपात चहा ओतताना तिनं ओठ घट्ट दाबून धरले होते. मग तिनं वर बघितलं, माझ्या हातातलं पाकीट दिसलं, आणि किटली खाली ठेवली.

"तुझ्या दुकानातून घेतली असती तर तुला कळलं असतं," ती म्हणाली.

"ताई, अगं... मशीन?"

"सरळ कापतं ते. छान कापतं. पण कोपरे राहतात रे, जिन्यासारखे. ते कशानं काढू?" आणि मग एकदम चिडून, "एवढा रडला होतास त्या दिवशी! काय सांगणार होते मी तुला, उपयोग नाही म्हणून?"

मी खाली बसलो. चहा कुणीच प्यायलं नाही.

डॉक्टरांनी दुसरा फोटो काढला, पहिल्याशेजारी ठेवला आणि चष्मा काढला. पट्ट्याची वेळ गेली होती. आता ऑपरेशन करून सांधा कायमचा पक्का करायचा. दुखणं जाईल, पण अंगठा मुळापासून फिरणार नाही. "मी आठ महिन्यांपूर्वी हॅकसॉ बंद म्हणून सांगितलं होतं," ते म्हणाले. ताई म्हणाली, "माझीच चूक." मी मान खाली घालून ऐकत होतो.

त्याच संध्याकाळी मी खणातून ती पाटी काढली, तेलकट कागदासकट तिच्यापुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. हे लावलं असतं तर वळण कापता आलं असतं. मी लपवलं. मुद्दाम लपवलं.

तिनं डाव्या हातानं कागद सोडला. पाटी उलटीसुलटी करून बघितली. बोल्टांची भोकं बघितली. मला वाटलं ओरडेल, कानाखाली वाजवेल. ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "मी आठ महिने तुझं मन राखत होते. आणि तुला सगळं माहीत होतं?"

"मला भीती वाटत होती गं."

"चालता हो."

मी गेलो. त्यानंतर तीन महिने ती माझ्याशी बोलली नाही. ऑपरेशनच्या दिवशी मी दवाखान्यात बाहेर बाकावर बसलो होतो, आत बायको. रोज दोन्ही वेळचा डबा बायको घेऊन जायची, आणि येताना माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटायची. "तुम्ही भावंडं एकमेकांशी बोलणार नाही आणि निरोप पोचवायचं काम माझ्या माथी. वन्सं म्हणतात, आज वरण पातळ होतं. तुम्ही काही म्हणता का? म्हणत नाही ना? मग जेवा." मी जेवायचो. गिऱ्हाइकांवर ओरडणंसुद्धा बंद केलं होतं मी, तेव्हा मिस्त्री घाबरला.

मग एक दिवस ती आली. हाताचं प्लास्टर निघालं होतं, अंगठा एका जागी उभा, जसा काही कुणी चिकटवून ठेवलाय. आल्या आल्या स्टूल ओढून बसली आणि मिस्त्रीशी बोलायला लागली. माझ्याशी नाही.

"तुमच्या मालकांना सांगा, ते धूड परत घेऊन जा म्हणावं. मला ती छोटी करवत द्या, स्टँडवरची."

मिस्त्रीनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "ताई, त्या मोठ्याला पाटी लावली की..."

"त्या मोठ्याचं बटण बाजूला आहे," ती मिस्त्रीलाच म्हणाली. "ते बंद करायला मला लोखंडावरचा एक हात सोडावा लागेल. आणि मला आता दीडच हात आहे. यांना विचारा, चौदा वर्षांपूर्वी त्या माणसाची बोटं करवतीनं गेली की बांधलेल्या घोड्यानं?"

मी काउंटरवरचे स्क्रू गोळा करायला लागलो.

"मी चौतीस वर्षं शिवलं," ती आता माझ्याकडे वळून म्हणाली. "मिनिटाला हजारो वेळा सुई खालीवर होते आणि तिच्यापासून एवढ्याशा अंतरावर माझी बोटं. एकदा तरी टोचली? का नाही टोचली? माझा पाय पेडलवर असतो म्हणून. पाय उचलला की सुई जागच्या जागी थांबते. मला या करवतीला पेडल लावून दे. मेल्या, हे मी पहिल्याच दिवशी सांगणार होते. वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं होतं. तू पानं उलटू दिलीस का मला? हात धरून रडायलाच लागलास!"

मिस्त्री अर्धा बहिरा आहे, पण हे त्यानं अक्षर न अक्षर ऐकलं. काही न बोलता तो मागे गेला आणि गिरणीवाल्यांसाठी आम्ही ठेवतो तो जाड लोखंडी पेडल-स्विच घेऊन आला. दोन तासांत त्यानं वायर ओढली. घोडा बांधलेलाच, पण वीज आता पेडलमधून: पाय दाबला की करवत सुरू, उचलला की क्षणात बंद. त्यानं वीस वेळा करून बघितलं. मी लांबून मोजत होतो.

दुसऱ्या दिवशी ती करवत तिच्या खोलीत बसवली. मोठं मशीन निघालं तशी जागा झाली आणि जिन्याखालचं शिलाई मशीनही आत आलं. मिस्त्री गेला. मी जायला निघालो तर ती म्हणाली, "थांब. बघून जा."

तिनं लांब पट्टी घेतली, वर नमुना ठेवून खडूनं आखलं, मार्जिन सोडून. मी त्याबद्दल एक चकार शब्द काढला नाही. ती स्टुलावर बसली, पट्टी टेबलावर ठेवली, दोन्ही तळवे सपाट दाबले आणि पाय खाली केला. करवत घुमायला लागली. मी दारापर्यंत मागे सरकलो, खोटं कशाला बोलू? पण तिचे हात! बाही जशी सुईखालून वळवायची, तसं तिनं ते लोखंड वळवलं. अवघड जागी आली की पाय उचलायची, करवत थांबायची, हात नीट करायची, पुन्हा पाय. अर्ध्या तासाच्या आत पातं सुटून टेबलावर पडलं. वळण सबंध, कुठे कोपरा नाही. जिथं दोन दुपारी जायच्या, तिथं अर्धा तास.

ते बघितलं आणि मला राहवेना. "ताई, हे मी पहिल्या दिवशी दिलं असतं तर तुझा अंगठा वाचला असता."

मला वाटलं ती म्हणेल, जाऊ दे रे. लहानपणापासून म्हणत आलीये. फुटलेली पाटी, हरवलेली छत्री, नापास झालेलं वर्ष, सगळ्याला जाऊ दे रे.

"हो," ती म्हणाली. "वाचला असता."

मी भिंतीला टेकून उभा राहिलो. डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेना. तिनं चष्मा पुसला, परत लावला, पट्टीवर दुसरा नमुना आखला. मग माझ्याकडे बघितलं.

"रडून झालं की इकडे ये. पट्टी लांब आहे, मागचं टोक खाली जातंय आणि माझा अंगठा दाबत नाही. ते धर."

"मी?"

"इथं दुसरं कोण आहे?"

मी गेलो. चौदा वर्षांनी मी पुन्हा चालू मशीनसमोर उभा राहिलो आणि दोन्ही हातांनी पट्टी धरली. तिनं पाय दाबला. लोखंडातून थरथर माझ्या कोपरापर्यंत आली. मी डोळे मिटणार होतो, तेवढ्यात आवाज बंद झाला. तिनं पाय उचलला होता. तिनं हात लांब करून, त्या न फिरणाऱ्या अंगठ्यासकट, माझी बोटं धरली आणि ब्लेडपासून वीतभर मागे सरकवून ठेवली.

"इथं धर," ती म्हणाली, आणि मी घट्ट धरलंय हे बघून तिनं पुन्हा पाय दाबला.